फाट्यावरच्या पाठमोऱ्या बायका

चेहरे पुसलेली माणसं बघायची सवय मला अजून झालेली नाही. पडद्यावर आमच्या गावचा फाटा असतो. अलीकडं गावची कमान आणि लिंबाचं झाड, मधून नांदेड-देगलूर रस्ता, पलीकडं चहाचं हॉटेल आणि त्याच्यापुढचं लांब बाकडं. माणसंही आमचीच, फक्त प्रत्येकाच्या मानेवर चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका. कुणाची ओळख पटू नये म्हणून संगणक चेहरे आधीच पुसून पाठवतो. मग मी प्रत्येक माणसाभोवती चौकट ओढते आणि तिच्याखाली दोनपैकी एक शब्द लावते, 'ओलांडणार' किंवा 'नाही ओलांडणार'. असे शब्द पुष्कळ माणसांना लावून झाले की यंत्र त्यावरून शिकतं आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या नव्या माणसाकडं बघून स्वतःच अंदाज बांधतं.

पुरुषांचं मला काही वाटत नाही. पण डोक्यावर पदर घेतलेली बाई पडद्यावर आली की माझा हात थबकतो. चेहरा नसला की सगळ्याजणी आईच होतात. आई जाऊन किती काळ लोटला आणि हे चित्रण परवाचं आहे, हे मला कळत नाही असं नाही. मी लातूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी हात थबकतो तो थबकतोच.

आई ह्याच फाट्यावर गेली. टाळेबंदी उठून बाजार पुन्हा भरायला लागले होते आणि ती नायगावच्या बाजाराला निघाली होती. नायगावकडं जाणारी काळीपिवळी जीप हॉटेलाच्या बाजूला थांबते, म्हणजे गावातून आलेल्या माणसाला रस्ता ओलांडावाच लागतो. ओलांडताना मिरचीची पोती घेऊन धर्माबादकडून आलेल्या टेम्पोनं तिला उडवलं. मी लातूरहून पोचेपर्यंत तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं आणि सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी फाट्यावर जाऊन उभी राहिले तर फुटलेल्या पोत्यातली मिरची डांबराला चिकटून बसली होती. येणारा-जाणारा शिंकत होता, खोकत होता. माझ्याही डोळ्यांना धार लागली. बायका पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडून घे माय." ते रडणं नव्हतं, मिरची होती. रडायला मला पुढं फार दिवस लागले.

"बघितलंच न्हाई तिनं," असं जो तो सांगत होता. टेम्पोवाल्यानं पोलिसांना सांगितलं, "बाई रस्त्याकडं पाठ करून उभी होती, मला वाटलं हिला जायचं न्हाई. एकदम वळली अन् गाडीम्होरंच आली." तो खोटं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. माझी आई म्हणजे चुलीवरच्या दुधावरून नजर न काढणारी बाई. विहिरीजवळून जाताना आमचे दंड वळ उठेपर्यंत आवळून धरायची. ती न बघता रस्त्यात शिरेल? अन् रस्ता ओलांडायला आलेलं माणूस रस्त्याकडं पाठ करून उभं कशाला राहील? ह्या प्रश्नाचं उत्तर गावात कुणी दिलं नाही. आता वाटतं, ते सगळ्यांना इतकं माहीत होतं की सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

तिच्याजवळ सगळ्यात आधी पोचले ते मोठे अप्पा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते हॉटेलापुढच्या बाकड्यावर बसले होते. वडील लवकर गेले, तेव्हापासून आमचं शेत, आमची शिक्षणं, माझं लग्न, सगळं अप्पांनीच निभावलं. आई आणि ते एका अंगणात जन्मभर राहिले, पण थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही म्हणून आई त्यांच्याशी एक शब्द कधी थेट बोलली नाही. अप्पा समोर दोन हातांवर बसलेले असायचे आणि आई मला म्हणायची, "अप्पाला सांग, ताट वाढलंय." मग अप्पा मला म्हणायचे, "मायला सांग, आलो." मी दोघांमधला टेलिफोन होते. त्या आईचं डोकं त्यांनी रस्त्यावर मांडीवर घेतलं होतं म्हणे. त्या दिवसाबद्दल ते नंतर कधी बोलले नाहीत. रोज सकाळी मात्र त्याच बाकड्यावर जाऊन बसायला लागले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला घर खायला उठतं.

पुढं एकदा मी नांदेडहून काळीपिवळीनं गावाकडं चालले होते. फाटा जवळ आला तसा ड्रायव्हरनं दोन-तीनदा हॉर्न वाजवला. रस्ता तर मोकळा होता. शेजारच्या माणसानं विचारलं, "कुणाला वाजवून राहिला बे?" ड्रायव्हर म्हणाला, "हितं एक बाई दिसते भाऊ. पाठमोरी उभी ऱ्हाते. लई जणांना दिसली. तिच्याकडं बघायचं न्हाई, वाजवायचं अन् निघून जायचं." गाडीतल्या माणसांनी चटचट कानाला हात लावले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती माझी आई आहे, असं मी जोरात ओरडणार होते. पण मी मान वळवून लिंबाखाली बघितलं, आणि तिथं खरंच एक बाई रस्त्याकडं पाठ करून उभी होती. आमच्याच गावातली कुणाची तरी सून असणार, हे कळायला जो क्षणभर वेळ गेला तो मी अजून विसरलेले नाही. मी भाडं देऊन उतरले.

आमच्या कॉलेजात संगणक शिकवणारा माझा एक सहकारी आहे. नांदेडचा, माझ्याच वयाचा, शांत आणि चिवट. अपघातांची माहिती आता कुणालाही बघता येईल अशी खुली ठेवलेली असते. ती त्यानं उतरवून घेतली, तिला रस्त्यांचे नकाशे, वळणं, शाळा, बाजाराची गावं जोडली आणि यंत्राला विचारलं की पुढचे अपघात कुठं व्हायची शक्यता जास्त. आकडेमोडीला त्याला माझी मदत हवी होती. नकाशावर लातूर-नांदेड भागात ठिपके उमटले, कुठं फिके, कुठं गडद. आमचा फाटा जवळजवळ काळा होता.

त्या माहितीत नावं नसतात. पण ठिकाण आणि दिवस बघितला की आपलं माणूस सापडतं. पादचारी, स्त्री. अपघाताचं कारण, पादचाऱ्याचा निष्काळजीपणा. मी खुर्ची मागं ढकलून उठले आणि सहकाऱ्यावरच खेकसले, जणू त्या बिचाऱ्यानंच ते लिहिलं होतं. त्याला तोवर आईचं ठाऊक नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग दिवा तिथंच लावू."

दिवा म्हणजे खांबावर एक कॅमेरा, एका पेटीत छोटा संगणक आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना लुकलुकणारे पिवळे दिवे. कडेचं माणूस आता रस्त्यात येणार असं यंत्राला वाटलं की दिवे लुकलुकतात आणि लांबून येणारी गाडी वेग कमी करते. कल्पना साधी होती. पंचायतीनं परवानगी दिली, गावात राहणाऱ्या माझ्या भावानं खांबाला जागा बघून दिली. मला एवढंच हवं होतं की आई उभी होती तशी एखादी बाई तिथं उभी राहिली, तर दिवा लागला पाहिजे. बाकी जगात काय सुधारायचं ते सुधारो.

दिवा शाळेच्या पोरांसाठी लागला. दुधाच्या कॅनवाल्यासाठी लागला. शेळ्यांसाठीही लागला, त्यावर गावात हसाहशी झाली. मी कमानीतून आले तर माझ्यासाठी दोन पावलं आधीच लागला. मग मी माझ्या वहिनीला म्हटलं, "तू ये." वहिनी आली, लिंबाखाली थांबली, पदर पुढं ओढला आणि लिंबाच्या बुंध्याकडं तोंड करून उभी राहिली. दिवा गप्प. ती वळली, मान खाली घालून भराभर चालायला लागली, रस्त्याच्या मध्यावर पोचली तेव्हा कुठं दिवा जागा झाला. समोरून एखादं वाहन असतं तर त्या लागण्याचा काही उपयोग नव्हता. एकामागून एक चार-पाच सुनांना मी चालायला लावलं. सगळ्यांच्या वेळी तेच झालं.

सहकारी म्हणाला, "यंत्र चुकत नाहीये. ते दुसऱ्या शहरांतल्या चित्रणांवर शिकलंय. तिथं ज्याला रस्ता ओलांडायचाय तो रस्त्याकडं बघतो. पाठ केलेला माणूस ओलांडणारा नसतो." टेम्पोवाल्यानं हेच सांगितलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत. ह्या बायका अशी पाठ का करतात, हे त्यांनाच विचारायचं मला सुचलं नाही. मी हात टेकले आणि लातूरला परत आले.

उत्तर मला देवणीला मिळालं, माझ्या सासरी. स्टँडसमोर रस्ता ओलांडायला म्हणून मी उभी होते आणि पलीकडून माझे थोरले दीर मोटारसायकलवरून येताना दिसले. माझ्या अंगावर साडी होती. काय होतंय ते कळायच्या आत माझा हात पदराकडं गेला, मी गर्रकन वळले आणि एका बंद शटरकडं तोंड करून उभी राहिले. एवढी शिकले-सवरलेली, कॉलेजात चारशे पोरांपुढं घसा फोडणारी, आणि उभी शटरपुढं. कानावर पदर, त्यामुळं मागचा आवाज कुठून येतोय ते कळेना. दीर पुढं गेले असतील असा अंदाज घेतला आणि वेळ वाया गेला म्हणून घाईनं वळून पाऊल टाकलं. एक ऑटो माझ्या साडीला घासून गेला. ऑटोवाल्यानं शिवी हासडली, ती मला नीट ऐकू आली.

मी तिथंच खाली बसले. पाठ फिरवलेली बाई थांबलेली नसते. ती घाईत असते, आणि तिनं काहीही बघितलेलं नसतं. गावात मी लेक, मला कुणापुढं तोंड फिरवावं लागलं नाही, म्हणून इतकी वर्षं मला हे दिसलं नव्हतं.

त्याच दिवशी वहिनीला फोन लावला. "वैनी, फाट्यावर तू पाठ कुणासाठी करतीस?"

"आता हे काय इचारणं झालं? म्होरं हाटेलात अप्पा बसलेले असतात की."

"अन् आई?"

"आत्याबाई तर कायमच. रस्त्याकडं तोंड म्हंजे अप्पांकडंच तोंड की वो ते."

मी म्हटलं, हे सगळं बंद करा, जीव मोठा का पदर मोठा. वहिनी म्हणाली, "तुमचं बरं हाय ताई. तुम्ही लेक हाव गावच्या." पण शटरपुढं मीही उभी राहिलेच होते.

म्हणजे आई अप्पांसाठी पाठ करून उभी होती. ते उठून गेले असतील असं समजून वळली, किंवा काळीपिवळी सुटेल म्हणून वळली. आणि अप्पा समोरून बघत होते. त्यांना हे कळलं असेल का? ह्या विचारानं मला पुढं कित्येक दिवस नीट जेवण गेलं नाही. वर्गात फळ्याकडं वळले की वाटायचं, मागच्या बाकांमध्ये कुणीतरी उभं आहे आणि मी वळेन त्या क्षणी काहीतरी होईल. मी फळ्यावर तिरकी उभी राहून लिहायला लागले. पोरांना वाटलं मॅडमची मान आखडली.

मग आम्ही यंत्राला नव्यानं शिकवायला बसलो. फाट्यावरचं चित्रण घ्यायचं आणि पदर ओढून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बायकांना, त्या पुढं गेल्या की नाही ते बघून, खरा शब्द लावायचा. हे काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. सहकारी बजावत होता, "जपून. पाठ दिसली की ओलांडणार, असं शिकलं तर दिवा उगाच लुकलुकत राहील. मग ड्रायव्हर त्याच्याकडं बघायचं सोडून देतील. खोटा दिवा न लागलेल्या दिव्याइतकाच वाईट." त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी स्वतः पोरांना हेच शिकवते. एकाही नोंदीत मी मनाचं घातलं नाही. जी गेली तिला 'ओलांडणार'. जी बराच वेळ उभी राहून परत गावात गेली तिला 'नाही'. हे सगळं काम आम्ही शेवटी सगळ्यांसाठी खुलं ठेवणार होतो, कारण आमच्यासारखे फाटे मराठवाड्यात गावोगाव आहेत.

नवीन शिकलेलं यंत्र पेटीत बसवलं तेव्हा मी लिंबाजवळ थांबले होते. वहिनी आली, पदर ओढला, पाठ फिरवली. ती अजून वळलीही नव्हती आणि दिवे लुकलुकायला लागले. देगलूरकडून येणारा ट्रक लांबूनच धीमा झाला. वहिनी हसत पलीकडं गेली आणि मी लिंबाला टेकून हुंदके देऊन रडले. ह्या वेळी मिरची नव्हती.

इथं हे संपायला हवं होतं. पण काही आठवड्यांनी सहकारी म्हणाला, "फाट्यावर दिवा खोटा लागतोय. रोज सकाळी, बाजाराच्या आणि कॉलेजच्या वेळेला. कुणीतरी हॉटेलाच्या बाजूला रस्त्याच्या कडेला येऊन पाठ करून उभं राहतंय, पण ओलांडत नाही." त्यानं चित्रण लावलं. धोतर, काठी, डोक्याला रुमाल, मानेवर धुरकट ठिपका. यंत्रानं चेहरा पुसला होता, पण उजव्या खांद्यातून वाकलेली ती उभं राहायची तऱ्हा पुसता आली नव्हती. मोठे अप्पा रस्त्याकडं पाठ करून हॉटेलाकडं तोंड करून उभे होते. दिवे लुकलुकत होते. आणि पलीकडून, लिंबाखालून, सुना आणि पोरी डावी-उजवीकडं मान वळवून बघत सावकाश येत होत्या. त्यांच्यातली एकही पाठमोरी नव्हती.

मी सुट्टी टाकून गावाकडं गेले. अप्पा बाकड्यावर होते. लिंबाखाली बायका जमल्या तसे ते काठी टेकत उठले आणि कडेला जाऊन वळून उभे राहिले. सगळ्या पलीकडं आल्यावर परत येऊन बसले. मी शेजारी बसले. चहा आला, तो आम्ही प्यायलो.

"अप्पा, असं का उभं राहता तुम्ही?"

"म्या तोंड फिरवलं की पोरी नीट बघून चालतात."

"मग घरी का बसत नाही? तुम्ही इथं नसलात तर त्यांना पाठ करावीच लागणार नाही."

"म्या न्हाई तर दुसरं कुणी बसतंय, कुणाचा सासरा, कुणाचा दीर. त्यांच्यासाठी कोण उठणार?" मग काठीनं मातीत रेघ ओढत म्हणाले, "आन् म्या पाठ केली की तुझा तो दिवा लागतोय. गाड्या थांबून राहिल्यात. बघितलं म्या."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या दिशी मला उठून आत जायला काय झालतं, माय? ती पाठ करून उभी होती, म्या बघत होतो. मला ठाव होतं ती कुणासाठी उभी हाय. चहा राहिला होता ग कपात."

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी राग धुंडाळला, पण तो सापडला नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, इतकंच.

लातूरला परतल्यावर सहकाऱ्यानं अप्पांचं चित्रण माझ्यापुढं ठेवलं. "ह्या माणसाला 'नाही ओलांडणार' लाव म्हणजे यंत्र सुधारेल, ह्याच्यासाठी दिवा लागायचा थांबेल," तो म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. "खरं तर तो ओलांडत नाही," एवढंच तो म्हणाला, आणि पुढचं माझ्यावर सोडून चहाला गेला. मी अप्पांभोवती चौकट ओढली. पाठमोरे, बिनचेहऱ्याचे, डोक्याला रुमाल. चौकटीत ते आणि आई सारखेच दिसत होते. एकदा कुणीतरी काहीही न बघता आईपुढं 'निष्काळजीपणा' लिहून टाकलं होतं. मी मात्र अप्पांकडं नीट बघितलं, शेवटची पोरगी ह्या कडेला पोचेपर्यंत बघितलं, आणि मग त्यांच्याखाली 'ओलांडणार' लावलं.